मदत हवी आहे: गर्भपिशवीच्या तोंडाला टाका की प्रोजेस्टेरॉन?

धाकट्या बहिणीसाठी विचारतेय. पहिलं बाळ २९व्या आठवड्यात झालं, दीड महिना काचेच्या पेटीत होतं. आता ठणठणीत आहे, पण ते दिवस आठवले की अजून पोटात गोळा येतो. आता तिला १९वा आठवडा लागलाय. आतून केलेल्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी २२ मिमी आली. २५च्या खाली म्हणजे आखूड, म्हणून पुन्हा वेळेआधी बाळंतपण व्हायची भीती.

आमच्या डॉक्टर म्हणतात, आधीची हिस्टरी आहे, पिशवीचं तोंड बंद राहावं म्हणून टाका घालून घ्या. दुसऱ्या म्हणाल्या, रोज रात्री २०० मिग्रॅ प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणारं हार्मोन) कॅप्सूल योनीमार्गात ठेवा, दोन आठवड्यांनी लांबी परत मोजू. माझ्या वाचनानुसार तिच्यासारख्या केसमध्ये दोन्ही मान्य आहेत, म्हणून तर गोंधळ! दर आठवड्याला घ्यायच्या प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या इंजेक्शनचंही कोणीतरी सुचवलं. पण अमेरिकेत उपयोग सिद्ध न झाल्याने २०२३मध्ये त्याची मान्यताच काढून घेतली, त्यामुळे ते मी बाजूला ठेवलंय.

सासूबाईंचा हट्ट वेगळाच: पूर्ण झोपून राहायचं. दोन्ही डॉक्टरांनी त्याला नकार दिलाय, नुसतं पडून राहिल्याने पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती.

टाका घातलेल्या कोणी आहात का इथे? नंतर कामावर किती दिवसांनी गेलात? टाक्यासोबत कॅप्सूलही चालू ठेवली होती का? आणि डॉक्टरांना नेमकं काय विचारू? शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे.