अण्णांची मगरीची गोष्ट तुम्ही कुठपर्यंत ऐकलीय?

सांगलीच्या गावभागात ज्यांचं लहानपण गेलं, त्यांनी आमच्या फोटोवाल्या अण्णांच्या थापा ऐकल्याच असणार. आता अण्णा 84 वर्षांचे आहेत, डोळ्यांत मोतीबिंदू आहे, स्टुडिओ कधीच बंद झाला. परवा त्यांच्याजवळ बसलो असताना लक्षात आलं, मगरीची गोष्ट मी पन्नासदा ऐकली, पण शेवट एकदाही नाही.

कृष्णेत मगरी आहेत, ही काही थाप नव्हे. पण अण्णांची मगर आयर्विन पुलाखाली खास फोटो काढून घ्यायला यायची. अण्णा म्हणायचे, "बाई, हनुवटी जरा खाली." ती घ्यायची खाली. "मग लेका, तिनं मला हळूच विचारलं..." की झाला कॅमेऱ्याचा खटका! पुढचं गिऱ्हाईक आत.

तुमचे अनुभव लिहा. शेवट ठाऊक असेल तर आधी तो लिहा.

*

माधवनगर

दहावीच्या फॉर्मला फोटो हवा होता. मी घाबरून ताठ बसलेली. अण्णा काळ्या कापडाआडून म्हणाले, "काल हळदीच्या एका व्यापाऱ्याचा फोटो काढला. ब्लॅक अँड व्हाइट हां! धुऊन बघतो तर टोपी काळी, कोट काळा, आणि हात पिवळेधमक. तीनदा हायपोच्या, म्हणजे फोटो पक्का करायच्या पाण्यात बुडवला, पिवळा काही जाईना. शेवटी त्याला बोलावलं आणि..." खटका. हॉल तिकिटावर माझे सगळे दात दिसत होते. त्या व्यापाऱ्याचं पुढं काय झालं, कुणी सांगेल का?

*

मिरज

मी चार वर्षं अण्णांच्या हाताखाली होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. 120 नंबरच्या फिल्मच्या रोलमध्ये 12 फोटो निघायचे. एक वाया गेला तरी अण्णा जेवताना गप्प असायचे. मी एकदा विचारलं, गोष्ट पुरी का करत नाही? म्हणाले, "शेवट कळायच्या आधी माणूस तोंड उघडं टाकून बघतो. तेवढाच त्याचा खरा चेहरा. शेवट सांगितला की तो परत शहाणा होतो."

डार्करूममध्ये लाल दिव्याखाली कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये हलवताना हे मला रोज दिसायचं. आधी केस उमटायचे, मग बुबुळं, आणि शेवटी अर्धवट उघडलेलं तोंड. मला वाटतं, त्यांनी शेवट रचलेच नव्हते.

एक मात्र खरं. एका नवरदेवाचे डोळे मिटलेले आले होते. अण्णांनी निगेटिव्हवर पेन्सिलीनं डोळ्यांचं पांढरं भरलं आणि ब्लेडच्या टोकानं खरवडून बुबुळं काढली. भिंगाखाली अख्खी दुपार गेली. पुढं त्याची गोष्ट केली: "लग्नाला तीस वर्षं झाली, बायको सांगते अजून डोळे मिटत नाहीत." म्हणजे या गोष्टीला शेवट होता! कारण ती गोष्ट अण्णा फोटो काढताना सांगत नसत, चहा पिताना सांगत.

*

विश्रामबाग

आमच्या बाळाच्या जावळाचा फोटो. रडत होतं बाळ, आणि अण्णा गोष्ट सांगत होते मला. मी हसले, मग तेही हसलं.

*

हरिपूर

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं. आमचा अल्बम लगदा होऊन हातात आला. आजीचा तो एकमेव फोटो त्यातच होता. अण्णांकडे गेले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांवर साल लिहून त्यांनी निगेटिव्ह माडीवर ठेवल्या होत्या. म्हणाले, "पाणी आलं तसे डबे आपले आपण पोहत जिना चढले." खरं तर त्यांच्या मुलानं आणि सुनेनं रात्रभर ते डोक्यावरून वर नेले होते.

आजीची निगेटिव्ह मिळाली. नव्या प्रिंटमध्ये आजी पदर तोंडाशी नेतेय, तो अजून पोचलेला नाही. अण्णांना विचारलं, हिला काय सांगत होता? म्हणाले, "मगर."

*

गावभाग

काल सगळे अनुभव अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवले. डोळे मिटून ऐकत होते. हरिपूरच्या ताई, तुमचं वाचताना त्यांनी परत एकदा वाचायला लावलं. पुढच्या आठवड्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्यानंतर आजीचा फोटो घेऊन या, त्यांना बघायचाय.

शेवट काही सांगितला नाही. फक्त माधवनगरकरांसाठी दुरुस्ती दिलीय: तो व्यापारी नव्हता, अडत्या होता.