दम टिकला म्हणजे डोकं टिकलं असं नाही

‘फिटनेस उत्तम असेल तर उंचीवर डोकं ताळ्यावर राहतं’ हे मला पटत नाही. 1933 साली एव्हरेस्टवर एरिक शिप्टन मागे फिरल्यावर फ्रँक स्माइथ एकटेच साडेआठ हजार मीटरच्या आसपास पोचले. तिथे त्यांनी खिशातली मिंट केकची वडी काढली, मोडली आणि अर्धी जोडीदाराला द्यायला मागे वळले. मागे कोणीच नव्हतं! इतका कसलेला गिर्यारोहक हो!

एव्हरेस्टच्या शिखरावर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश. तो कमी पडला की डोकं चुकायला लागतं, आणि त्यात आपलं चुकतंय हेच आपल्याला कळत नाही, मला भीती वाटते ती याची. म्हणून परत फिरायची वेळ खालीच ठरवा. सोबती साधी बेरीज चुकला, बकल लावताना चाचपडला, तर त्याच्या ‘मी ठीक आहे’वर विसंबू नका, त्याला खाली आणा.