मदत हवी आहे: सर्वसाधारण लोकसंख्येत जीवनमान आणि लैंगिक आरोग्य एकत्र कसं मोजावं?

(पाऊलवाट, तळटीप आणि मोजपट्टी ही चर्चेतल्या सदस्यांची टोपणनावं आहेत.)

पाऊलवाट: आमच्या सर्वेक्षणात १८ वर्षांवरील स्त्री-पुरुष आहेत, रुग्ण नाहीत. जीवनमानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओक्यूओएल-ब्रेफ ही प्रश्नावली (२६ प्रश्न) आणि स्त्रियांच्या लैंगिक कार्यासाठी एफएसएफआय ही प्रश्नावली (१९ प्रश्न) घेतली. चाचणी फेरीत दोन अडचणी आल्या. बऱ्याच जणांनी ब्रेफमधला २१वा प्रश्न, म्हणजे लैंगिक जीवनाबद्दलचं समाधान, कोरा सोडला. आणि एफएसएफआयमध्ये जवळपास निम्म्या स्त्रिया २६.५५च्या खाली, म्हणजे 'बिघाड' धरण्याच्या सीमेखाली गेल्या. चूक कुठे आहे?

तळटीप: दुसरी अडचण आधी. एफएसएफआयच्या १५ प्रश्नांत शून्याचा पर्याय आहे. त्याचा अर्थ 'गेल्या ४ आठवड्यांत क्रिया किंवा प्रयत्नच नाही'. तो कमी गुण नव्हे, पण बेरजेत तसाच धरला जातो. एक उदाहरण करून बघा. क्रिया शून्य, पण इच्छा पूर्ण (६.०) आणि समाधानाचे १५ व १६ हे प्रश्नही पूर्ण: १० गुण गुणिले ०.४, म्हणजे ४.०. एकूण ३६ पैकी १०. तक्रार एकही नसलेली बाई थेट 'बिघाड' गटात! जोडीदार दूर असणं किंवा नसणं हा आजार नाही, तेव्हा या स्त्रियांची एकूण बेरीज करूच नका. आधी 'सक्रिय होता का?' हा चाळणी-प्रश्न ठेवा आणि निष्क्रिय गट वेगळा दाखवा. इच्छेचे दोन प्रश्न मात्र सगळ्यांचे वापरता येतात.

पाऊलवाट: मग दुसरी प्रश्नावली घ्यावी का?

तळटीप: नॅटसल-एसएफ ही लैंगिक कार्य मोजणारी ब्रिटिश प्रश्नावली पाहा. १७ प्रश्न, स्त्री-पुरुष दोघांसाठी, मुळात लोकसंख्या-सर्वेक्षणासाठीच बेतलेली; वर्षभरात संबंध न आलेल्यांनाही ती वगळत नाही. अडचण आहे का एवढंच न विचारता तिचा त्रास होतो का, हेही ती विचारते. माझ्या मते सगळा फरक तिथेच आहे. भाषांतर केलंत तर उलट भाषांतरावर (मराठी मजकूर पुन्हा मूळ भाषेत आणून ताडण्यावर) थांबू नका. काही जणांना प्रश्न वाचायला देऊन 'यातून काय समजलं?' असं विचारा.

मोजपट्टी: २१व्या प्रश्नाबद्दल. ब्रेफच्या सामाजिक संबंधांच्या डोमेनमध्ये (विभागात) तीनच प्रश्न आहेत (२०, २१, २२). एक कोरा असला तरी नियमाप्रमाणे उरलेल्या दोनांची सरासरी गुणिले ४ चालते. म्हणजे लैंगिक प्रश्न गुपचूप गळतो आणि गुण मैत्री व आधारावरच उभा राहतो. कोऱ्यांचं प्रमाण वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीनुसार वेगळं छापा. ३, ४ आणि २६ हे नकारार्थी प्रश्न उलटे (५चा १, ४चा २ असे) मोजलेत ना? तेही तपासा.

कोरे राहण्याचं मोठं कारण बहुधा एकांत नसणं. मुलाखतकाराने मोठ्याने वाचण्याऐवजी टॅब हातात द्या, घरचं कुणी शेजारी नको आणि 'सांगायचं नाही' हा पर्याय 'लागू नाही'पासून वेगळा ठेवा. संदर्भकाळही जुळत नाहीत: ब्रेफ २ आठवडे, एफएसएफआय ४, नॅटसल-एसएफ १ वर्ष. प्रत्येक विभागाच्या डोक्यावर तो ठळक लिहा, नाहीतर लोक आधीचाच काळ मनात धरून उत्तरं देतात.