‘भ्रष्ट पाकीट’ की ‘गंडलेलं पॅकेट’?

जुळे सोलापूर: डिप्लोमाच्या पोरांसाठी डीएनएसवर, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेवर, मराठीत टिपण लिहितोय. नेटवरून जाणाऱ्या माहितीच्या गठ्ठ्याला पॅकेट म्हणतात; त्यातल्या ‘करप्ट पॅकेट’साठी ‘भ्रष्ट पाकीट’ लिहिलं, तर पोरं फिदीफिदी हसली. पाकीट, आणि तेही भ्रष्ट म्हटल्यावर टेबलाखालचंच आठवणार! दुसरं काय म्हणावं?

सात रस्ता: ‘पॅकेट’च ठेवा, पाकीट खिशात राहू द्या. विशेषणाआधी नक्की काय झालंय ते ठरवा. वाटेत एखादा बिट पालटला तर ते ‘बिघडलेलं’. डीएनएसचे प्रश्न सहसा यूडीपी या पद्धतीनं जातात; तिचा १६ बिटांचा चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळत नाही आणि ऑपरेटिंग सिस्टिम ते पॅकेट गुपचूप टाकून देते. नेमसर्व्हरच्या, म्हणजे डीएनएसचे प्रश्न सोडवणाऱ्या सर्व्हरच्या, प्रोग्रॅमला खबरही लागत नाही. विचारणारा थोडा वेळ वाट बघतो, पुन्हा विचारतो.

पण चेकसम बरोबर आणि आतली रचनाच चुकलेली, म्हणजे हेडरमध्ये (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीत) ‘प्रश्न १’ लिहिलंय आणि पुढं विचारलेलं नावच नाही, तर ते बिघडलेलं नव्हे, मुळातच वेडंवाकडं. तिथं सर्व्हर १२ बाइटांच्या हेडरमधला ओळखक्रमांक उचलतो आणि कोड १ लावून उत्तर धाडतो. हाच फॉर्मएरर, म्हणजे ‘फॉरमॅट एरर’.

अशोक चौक: आमच्या दुकानात दोन्हीला एकच शब्द, “गंडलंय बे!” माग अडला तरी तेच, नेट अडलं तरी तेच.

जुळे सोलापूर: मग फॉर्मएररला ‘रचनादोष’ चालेल?

सात रस्ता: दोष कुणाचा, हे कोण ठरवणार? डीएनएसचे नियम सांगणाऱ्या १९८७च्या आरएफसी १०३५ या दस्तऐवजात खुलासा एवढाच, की नेमसर्व्हरला प्रश्नाचा अर्थ लावता आला नाही. ईडीएनएस ही डीएनएसला नंतर आलेली जोड न कळणारे जुने सर्व्हर ती जोड असलेला धडधाकट प्रश्नसुद्धा फॉर्मएरर म्हणून परतवतात. विचारणारा मग जोड काढून साधा प्रश्न पाठवतो. म्हणून ‘अर्थ लागला नाही’ असंच लिहा. लांब आहे, पण खोटं नाही.

होटगी रोड: हे फक्त प्रश्नाला हं. उत्तरच वेडंवाकडं आलं तर त्याला फॉर्मएरर पाठवायचा नसतो, नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांकडं तक्रारी करत बसतील. ते सरळ टाकून द्यायचं. आणि एनएक्सडोमेनला यात ओढू नका. ‘असं नाव नाही’ हे चांगलं खणखणीत उत्तर आहे.

जुळे सोलापूर: बरं, पेपरात कुणी नुसतं ‘सदोष पॅकेट’ लिहिलं तर?

सात रस्ता: अर्धा मार्क कापा आणि पुढं काय झालं ते तोंडी विचारा. टाकून दिलं की कोड १ आला, एवढं सांगितलं तर परत द्या.