निर्वासित, विस्थापित, आश्रयार्थी: फरक कशाने पडतो?

प्रश्न: सुदानमधल्या युद्धाच्या बातम्यांत कधी ‘निर्वासित’ येतं, कधी ‘विस्थापित’, कधी ‘शरणार्थी’. हे शब्द एकाच अर्थाचे आहेत का? सरळ ‘स्थलांतरित’ म्हटलं तर?

उत्तर: एकाच अर्थाचे नाहीत, आणि छापताना तरी सरमिसळ होऊ नये. देशाची सीमा ओलांडावी लागली तो निर्वासित. घर सुटलं पण देशातच राहिला तो विस्थापित. व्युत्पत्तीने दोन्ही शब्द जवळचेच आहेत, एक वस्तीतून काढलेला, दुसरा जागेवरून हलवलेला. फरक पाडला तो कायद्याने. १९५१च्या निर्वासितविषयक करारातलं कलम ३३ सांगतं की निर्वासिताला जिवाला धोका असलेल्या मुलखात परत धाडता येत नाही. विस्थापितांसाठी असा जगभर लागू होणारा करार नाही. १९९८ची संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, पण ती बंधनकारक नाहीत. आफ्रिकेत २००९चा कंपाला करार आहे, तो मंजुरी दिलेल्या देशांपुरता. म्हणजे विस्थापिताची जबाबदारी त्याच्याच सरकारवर, आणि ते सरकार पुष्कळदा लढाईतला एक पक्ष असतं.

गरजा मात्र दोघांच्या सारख्याच. मदतसंस्था पाळतात त्या स्फिअर मानकांनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी आणि साडेतीन चौरस मीटर छप्पर हवं. पण ते पोहोचवायचं कसं? पश्चिम सुदानातल्या दारफूरमधून सीमेवरचा आद्रे नाका ओलांडून शेजारच्या चाडमध्ये गेलेल्या कुटुंबापर्यंत मदतसंस्थांना जाता येतं. नाक्याच्या अलीकडे अडकलेल्यांसाठी सुदान सरकारची परवानगी लागते. फेब्रुवारी २०२४मध्ये हा नाका मदतीला बंद झाला, तो ऑगस्टमध्ये उघडला. त्याच ऑगस्टमध्ये दारफूरमधल्या अल फाशिर शहराजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचं तज्ज्ञ समितीने जाहीर केलं. (इथे ‘दुष्काळ’ वाचून पाऊस आठवू नये. ही वेढ्याने आणि अडवलेल्या धान्याने घडवलेली उपासमार होती.) एप्रिल २०२५मध्ये झमझमवर हल्ला झाला, तेव्हा आधीच विस्थापित असलेले लाखो लोक पुन्हा बाहेर पडले, बरेचसे जवळच्या ताविला गावाकडे गेले.

‘शरणार्थी’ हिंदीतून आलेला, चालतो. पण त्यात शरण जाण्याची छटा मला खटकते. आश्रयाचा अर्ज केला आणि निर्णय व्हायचाय, अशा माणसाला ‘आश्रयार्थी’ म्हणावं. ‘स्थलांतरित’ इथे नकोच. कामधंद्यासाठी गेलेलाही स्थलांतरितच, त्यामुळे बंदुकीच्या धाकाने झालेलं पलायन त्या शब्दात दिसेनासं होतं.

प्रश्न: मग ‘छावणीतले विस्थापित’ सरसकट लिहिलं तर चालेल?

उत्तर: छावणी असेल तिथेच. कितीतरी लोक नातेवाइकांकडे, शाळांच्या वर्गांत, अर्धवट बांधलेल्या इमारतींत राहतात. छावणीबाहेरच्यांची नोंद उशिरा होते, म्हणून शिधाही उशिरा मिळतो. बातमीत ‘सुदानमधील विस्थापित’ आणि ‘चाडमधील सुदानी निर्वासित’ असं लिहावं, आणि ते कुठे राहताहेत हे माहीत असेल तर पुढे तेही द्यावं.