समाजशास्त्र शिकून मुलांच्या कुपोषणावर संशोधन करता येतं का?

गोदाकाठ
नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली, समाजशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी मी सरांना 'सामाजिक विषमता आणि लहान मुलांचं आरोग्य' हा विषय सुचवला. सर मनापासून शिकवतात, पण म्हणाले, कुपोषण हा आहारशास्त्राचा, नाहीतर डॉक्टरांचा प्रांत. तू विवाहसंस्था घे, ग्रामपंचायत घे. मला मात्र पुढे पीएच.डी. करून याच विषयात राहायचं आहे. इथे या क्षेत्रातलं कुणी आहे का? समाजशास्त्राचा माणूस तिथे नेमकं काय करतो? आणि त्यावर पोट भरतं का, हेही सांगा. घरी सगळे तेच विचारतात.

बालाघाट
दोन दिवस विचार करून लिहितेय. लांबेल, पण वाच.

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायला टोळी निघायची, बहुतेकदा सांगली-कोल्हापूरकडे. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात. मी नऊ वर्षांची होते तेव्हा धाकटा भाऊ आठ महिन्यांचा होता. त्या साली आजीचे गुडघे धरले, ती गावीच राहिली, म्हणून बाळाला सांभाळायला मला शाळेतून काढून बरोबर नेलं. आई पहाटे तीनला भाकरी थापून चारला उसाच्या फडात जायची. मी पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाळाला घेऊन बसायचे आणि ऊन चढलं की दूध पाजायला त्याला कडेवर घेऊन फडात जायचे. वडील ऊस तोडायचे, आई मोळ्या बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. गाडी भरायची वेळ आली की तिला टेकायलाही मिळायचं नाही. मग मी बाळाला चहात बिस्किट बुडवून भरवायचे. मला दुसरं काही येत नव्हतं. होळीच्या सुमाराला गावी परतलो. आजीनं त्याला उचललं आणि आईला म्हणाली, "नेलंस तेवढंच आणलंस की गं ह्याला."

पुढे एम.फिल.च्या कामासाठी मी माझ्याच गावच्या अंगणवाडीत बसले होते. सेविकाताईंनी पत्र्याची जुनी पेटी उघडली, त्यात वजनाच्या रजिस्टरमध्ये भावाचं नाव सापडलं. नोव्हेंबर ७.२, डिसेंबर ७.४, जानेवारी ७.६, फेब्रुवारी ७.८. एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेले आकडे. त्या चारही महिन्यांत आम्ही गावापासून तीनशे किलोमीटरवर होतो.

मी चिडले. ताईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, "रकाना कोरा ठेवला तर वरून विचारणा. गैरहजर लिहिलं तर माझी हजेरी कमी दिसते. गावातली निम्मी पोरं टोळीबरोबर जातात. मी काय कारखान्यावर येऊन वजन करू?" त्यांना दोष द्यावा असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण माझ्या भावाची वाढ त्या चार महिन्यांत थांबली होती आणि कागदावर तो दर महिन्याला दोनशे ग्रॅमनं वाढत होता. माझा पुढचा सगळा अभ्यास त्या पेटीतून निघाला आहे.

सरांना हे सांग. मुलाचं वजन का घटलं याचं एक उत्तर डॉक्टर देतात. ते वजन कुणी केलं, कुणाचं कधी झालंच नाही, त्या दिवशी आई कुठे होती आणि बाळ कुणाच्या हाती होतं, हे शोधायला समाजशास्त्र शिकलेलाच माणूस लागतो.

आता काम कसं करते ते. 'घरात शेवटी कोण जेवतं?' असं विचारलंस तर उत्तर येतं, "सगळे संगंच जेवतो." म्हणून मी विचारत नाही, बसते. पहाटेपासून रात्रीपर्यंत आईच्या दिवसाची तासागणिक नोंद घेते: पाणी, सरपण, फड, गाडी, भाकरी, आणि बाळ किती वेळा अंगावर प्यालं. एकाच टोळीत, सारख्याच उचलीवर आलेल्या दोन कोप्या, पण एकीत आजी सोबत आहे आणि दुसरीत आठ-नऊ वर्षांची बहीण. फरक डोळ्यांनी दिसतो, तो मोजायचा कसा हे शिकायला मला काही वर्षं गेली.

घराच्या आतली विषमताही पाहा. टेक्सास विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ डायन कॉफी यांनी रितिका खेरा आणि डीन स्पिअर्स यांच्याबरोबर एकत्र कुटुंबांचा अभ्यास केला आहे. खेड्यातल्या एकाच घरात, एकाच चुलीवर जेवणाऱ्या दोन जावांपैकी धाकट्या जावेची मुलं सरासरीनं थोरलीच्या मुलांपेक्षा उंचीला कमी भरतात. घराचं उत्पन्न एकच असताना फरक पडला तो सुनेच्या मानामुळे. हे वाचलं तेव्हा मला माझी धाकटी काकू आठवली आणि पुढचं पान उलटायला वेळ लागला.

आकडेही शिक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी, म्हणजे वयाच्या मानानं उंची कमी असलेली आढळली. आधीच्या फेरीत हा आकडा ३४.४ होता. मधल्या काळात राज्यात रस्ते झाले, मोबाइल आले, दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, तरी हा आकडा हलला नाही. का, हा प्रश्न एका पीएच.डी.ला पुरून उरेल.

मोजमापही स्वतः करता आलं पाहिजे. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी झोपवून घ्यायची, पुढच्यांची उंची उभं करून. दंडघेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आला तर मूल तीव्र कुपोषित, त्या दिवशी वही मिटायची आणि आधी आशाताईंना बोलवायचं. आपल्याकडचे काही अभ्यासक हे शिकायला कमीपणा मानतात, ते मला पटत नाही.

पोटाचं: नेट परीक्षा दे. बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांपैकी जिथे बसत असशील तिथली पीएच.डी. अधिछात्रवृत्ती बघ. मुंबईत देवनारला दोन संस्था जवळजवळ आहेत, टाटा समाजविज्ञान संस्था आणि लोकसंख्या विज्ञान संस्था. वर सांगितलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण यांतली लोकसंख्या विज्ञान संस्थाच करते. सुरुवातीला प्रकल्पांवरच्या नोकऱ्या मिळतात. मी सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर काढली, घरच्यांना ते समजावणं अवघड गेलं. आता कायम आहे.

बालरोग_विदर्भ
मी डॉक्टर आहे, आणि तुमच्या सरांच्या मताशी सहमत नाही. आमच्या पोषण पुनर्वसन केंद्रात तीव्र कुपोषित मूल १४ दिवस ठेवायचं असतं. पाचव्या-सहाव्या दिवशी आई म्हणते, सोडा, घरी दुसरं लहान आहे. मूल जातं आणि दोन महिन्यांनी तेच मूल परत येतं. औषध मी देऊ शकतो, त्या आईच्या घरी मी काहीच करू शकत नाही.

गडचिरोलीचं काम नक्की अभ्यासा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं: वजन, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखणं, अँटिबायोटिकचं इंजेक्शनसुद्धा. तिथे हजारी ६२च्या आसपास असलेला नवजात मृत्युदर काही वर्षांत २५च्या आसपास आला. १९९९ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०११ पासून आशांच्या घरभेटी देशभर याच धर्तीवर सुरू झाल्या. बाळ जन्मतं तिथे दवाखाना नसतो, मग कोण असतं, या प्रश्नापासून हे सगळं सुरू झालं, आणि तो तुमच्याच शास्त्राचा प्रश्न आहे.

लीड्सची_माहेरवाशीण
थोडीशी भर. इंग्लंडमध्ये पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञानं उभी हयात यात घातली. आरोग्यातल्या विषमतेवरचा १९८० सालचा ब्लॅक अहवाल लिहिणाऱ्या चौघांत ते होते. अकुशल मजुरांच्या घरी जन्मलेली बाळं पहिल्या महिन्यात दगावण्याचं प्रमाण उच्च व्यावसायिकांच्या बाळांच्या दुप्पट आहे, हे त्यांनी मांडलं, आणि तेही सगळ्यांना मोफत उपचार मिळणाऱ्या देशात. सरकारनं त्याच्या फक्त २६० प्रती काढल्या होत्या. सरांना हे उदाहरण दाखव.

अंगणवाडी_२७_वर्षं
बालाघाट ताईंनी लिहिलेलं वाचून डोळ्यांत पाणी आलं. मी सेविका आहे. रजिस्टर गेलं, आता सगळं मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये भरतो. त्यात स्थलांतराची नोंद करायची सोय आहे, पण बाई ज्या फडावर जाते तिथून अंगणवाडी किती लांब, आणि ती बाळाला घेऊन जाणार कधी? पोरी, तुला खरं बघायचं असेल तर दिवाळीच्या आधी ये. टोळ्या निघायच्या आत वजन-उंची घे, आणि होळीनंतर त्याच पोरांची परत घे. आमच्यासारखीला सोबत घे, बायका नवीन माणसासमोर बोलत नाहीत. आणि आल्यावर आम्हाला नुसत्या सह्या मागू नको, आमचंही ऐक.

गोदाकाठ
ताई, डॉक्टर, सगळ्यांचे मनापासून आभार. सरांना धागा वाचायला दिला. म्हणाले, आराखडा लिहून आण, बघू. सेविकाताई, दिवाळीआधी नक्की येते. बालाघाट ताई, एक विचारू? तुमचा भाऊ आता कसा आहे?

बालाघाट
बरा आहे. शेती बघतो, आईला त्यानं आता फडावर जाऊ दिलेलं नाही. दोनदा पोलीस भरतीला उतरला. धावण्यात गावात त्याला कुणी गाठत नाही. उंची १६५ लागते, तो १६३ भरला. एका माणसाच्या उंचीवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते, आणि शिकवताना दरवर्षी ती चहाची वाटी आठवते.

आराखडा झाला की इथेच टाक. रात्री वाचून कळवते.