विरोध, उठाव की सरळ कॉन्ट्रास्ट?

खडूवाला
सहावी-सातवीसाठी चित्रकलेच्या खोलीत लावायला एक मोठा तक्ता करतोय. डावीकडे संकल्पचित्राची तत्त्वं आणि उजवीकडे वर्गात कसं वागायचं ते. तोल, लय, प्रमाण, पुनरावृत्ती इथपर्यंत गाडी नीट आली, कॉन्ट्रास्टला मात्र मी विरोध लिहिलं कारण एटीडीला (चित्रकला शिक्षकाच्या पदविकेला) आम्ही तेच घोकलेलं. कच्चा कागद टांगला आणि एका पोरीने मोठ्यांदा वाचलं, डावीकडे 'चित्रात विरोध असावा', उजवीकडे 'शिक्षकांना विरोध करू नये'. वर्ग खिदळला, मीपण. तर सातवीच्या पोराला वेगळं समजवावं लागणार नाही असा शब्द सुचवा. विरोधाभास नको, तो अलंकार आहे.

नलूमावशी
अरे कॉन्ट्रास्टच लिही की. साडीच्या दुकानात जाऊन 'विरोधी काठ दाखवा' म्हण बरं एकदा, तो गादीवरून उठून बाहेर येईल. माझी आई चौथी शिकलेली, ती पण कॉन्ट्रास्ट ब्लाउजच म्हणायची.

शुद्धमती
मग तोलाला बॅलन्स करा, लयीला रिदम करा, तक्ता इंग्रजीतच छापा, हाकानाका. आपल्याकडे चित्राची षडंगं सांगितलीत, रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य, वर्णिकाभंग. त्यातला 'भेद' घ्या नाहीतर वर्णविरोध म्हणा.

खडूवाला
ताई, रूपभेद म्हणजे निरनिराळी रूपं ओळखता येणं, कॉन्ट्रास्ट नव्हे. आणि वर्णविरोध रंगापुरताच राहतो. जाड रेघेशेजारी बारीक रेघ, खरखरीत पोताशेजारी गुळगुळीत, हे सगळं त्यात यायला हवं ना. वारलीत रंग असतो किती, तांदळाच्या पिठाचा पांढरा आणि खाली गेरू, तरी लांबून नजर तिथेच जाते. (पोतावरनं आठवलं, पोत म्हणजे काय विचारलं तर एकजण म्हणाला आईच्या गळ्यात असते ती. दुसरा शेतकऱ्याचा, तो म्हणाला जमिनीचा असतो. दोघंही बरोबर, आता काय बोलणार.)

तांबडा_रस्सा
आमच्या कोल्हापुरात पाट्या रंगवणाऱ्या पेंटरकडं मी दोन सुट्ट्या काम केलंय, तिथं ह्याला एकच शब्द, उठाव. 'अक्षराला उठाव न्हाई, कड मार काळी.' आणि उलट झालं की 'शेजारचा रंग मारतोय ह्याला'. पोरांना विचारा काय उठून दिसतंय, झटक्यात बोट ठेवतील. तुम्ही लोक नाम शोधत बसलाय पण मराठीत हे काम क्रियापदं करतात, उठून दिसतं, खुलतं, मार खातं.

नलूमावशी
उठाव चांगलाय पण सातवीतलं पोर म्हणणार १८५७ चा का 😄

भिंगवाला
त्या 'रंग मारतोय'वरून एक सांगतो. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, म्हणजे जिथे भिंतीवरचे विणलेले पडदे होतात तिथे, शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाईखात्याचा प्रमुख होता. तक्रार आली की तुमचा काळा रंग फिका आहे, निळ्या-जांभळ्या कापडाच्या सावल्यांत तर अगदीच जीव नाही. त्याने काळी लोकर तपासली, रंगात काही खोट नव्हती. खोड शेजाऱ्याची होती! निळ्या-जांभळ्याला खेटल्यावर तोच काळा मळकट दिसायचा. त्यावर त्याने १८३९ साली जाडजूड ग्रंथ लिहिला. म्हणजे पेंटर म्हणतो तेच. पण मग उठाव हा शब्द अर्धाच पुरतो ना, कारण तो कॉन्ट्रास्टचा परिणाम झाला, तोही चांगला झाला तर. शेजार बदलल्याने रंग मेला तर त्याला उठाव कसं म्हणणार?
आणि अजून एक गंमत, रंगचक्रावर लाल-हिरवा समोरासमोर, एकमेकांच्या अगदी विरुद्ध, आणि नाव काय तर पूरक रंग.

तांबडा_रस्सा
नवरा-बायको

शुद्धमती
विषय वर्गातल्या वागणुकीचाही आहे. तिथे 'शिस्त' लिहिलं असेल तर तो फारसी शब्द आहे, अनुशासन लिहावे.

भिंगवाला
अनुशासन वाचलं की मला एसटी स्टँडवरची हिंदी पाटी आठवते. शिस्तीचा मूळ अर्थ नेम, बंदुकीचा नेम धरतात तो. आणि आपल्या नेम शब्दालाही दोन्ही अर्थ, नेम धरणे आणि नित्यनेम. दोन वेगळ्या घरांतले शब्द एकाच खुंटीवर येऊन बसले, हे योगायोगानेच झालं असेल असं मला काही वाटत नाही.

खडूवाला
माझ्या नियमांत शिस्त हा शब्दच नाहीये. ब्रश पाण्यात उभा ठेवून जाऊ नये, केस वाकतात. रंगाचं पाणी बेसिनमध्येच ओतावं, खिडकीतून नाही (खाली मुख्याध्यापकांची स्कूटर असते). दुसऱ्याच्या चित्रावर विचारल्याशिवाय हात मारू नये.

शुद्धमती
ब्रश नव्हे, कुंचला.

नलूमावशी
कुंचला फक्त सत्काराच्या भाषणात असतो गं. 'कुंचल्याचे जादूगार.' दुकानात सहा नंबरचा कुंचला मागून बघ.

तांबडा_रस्सा
कुंचा म्हणजे मोरपिसांचा झाडू, त्याचं बारकं पोर कुंचला. चांगला शब्द आहे ओ, भाषणवाल्यांनी वाया घालवला.

खडूवाला
मंडळी, तक्ता उद्या सकाळी लॅमिनेशनला जाणार. विरोध खोडलाय, जागा मोकळी आहे, एक शब्द द्या फक्त.

भिंगवाला
चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या पेपरात 'कर्तव्यभूमिती' असायची, तिच्यात कर्तव्य कुठून आलं हे कुणाला माहितीये का? मी तर ती परीक्षा कर्तव्य म्हणूनच दिली होती.

शुद्धमती
कर्तव्य म्हणजे करावयाचे. जी नुसती सिद्ध करायची नाही, काढून दाखवायची ती. उत्तम शब्द आहे, असे शब्द हल्ली घडवतं कोण.

तांबडा_रस्सा
मला त्यात ३५ पडले होते, कंपासपेटी बहिणीची होती